ऑर्लिस्टॅटमुळे तेलकट शौच: मला काय लागू पडलं

डॉक्टरांनी वजन कमी करायला दिलेली १२० मिलिग्रॅमची ऑर्लिस्टॅट सुरू केली आणि तेलकट शौच, अचानक घाई. म्हापशाच्या बाजारात जायचीही धास्ती वाटायची. ताक, ओवा करून पाहिलं, फरक नाही. ही गोळी जेवणातली साधारण ३० टक्के चरबी शोषू देत नाही, तीच बाहेर पडते. माझी बहुतेक चरबी दुपारीच: घट्ट नारळाचं हुमण (माशाची आमटी), वर तळलेला बांगडा.

डॉक्टरांना विचारून आधी हुमणातलं खोबरं निम्मं केलं, बांगडा तव्यावर चमचाभर तेलात. मग गोळी जेवतानाच, फार तर नंतर तासाभरात. नुसती पेज असेल, म्हणजे जेवणात चरबीच नसेल, तर गोळी नाही. मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना, कारण अ, ड, ई, के जीवनसत्त्वं गोळीसोबत कमी शोषली जातात. संध्याकाळी चालणं.

त्रास थांबला. वजन हळूहळू उतरतंय.