मॅरियन मायली खून खटला: जुनी कागदपत्रं कशी शोधावीत, कशी वाचावीत

मॅरियन मायलीचा खून कधी उलगडलाच नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. 28 सप्टेंबर 1941 च्या पहाटे केंटकीतल्या लेक्सिंग्टन कंट्री क्लबमध्ये ही 27 वर्षांची गोल्फपटू दरोडेखोरांच्या गोळ्यांना बळी पडली. 26 फेब्रुवारी 1943 रोजी टॉम पेनी, रॉबर्ट अँडरसन आणि रेमंड बॅक्स्टर या तिघांना एडिव्हिलच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीत देहदंड झाला. शंका घेण्यासारखं काही असेल, तर ते अँडरसनच्या दोषाबद्दल. शोध घ्यायचा तो त्याच दिशेने.

आधी एका कागदावर फक्त तारखा लिहा. 28 सप्टेंबर, मॅरियनचा मृत्यू. 1 ऑक्टोबर, पोटात गोळ्या लागलेली आई एल्सी हिचा मृत्यू. ऑक्टोबरमध्येच टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला पेनीची अटक, तीही अँडरसनच्या ब्यूक गाडीसकट. डिसेंबरमध्ये खटले. याच महिन्याच्या 7 तारखेला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि पहिली पानं युद्धाने व्यापली. त्यामुळे खटल्याच्या बातम्या शोधताना फक्त पहिलं पान चाळून थांबू नका, आतली पानंही बघा. आणखी एक खाचखळगा घड्याळाचा. 9 फेब्रुवारी 1942 पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे होती. 1941 च्या आणि 1943 च्या वेळा लिहिताना बाजूला ही नोंद करून ठेवा.

वर्तमानपत्रांत नाव शोधताना सगळ्यात जास्त घोळ होतो. त्या काळी विवाहित बाई नवऱ्याच्या नावाने छापली जाई, म्हणून एल्सीच्या नावावर काही मिळालं नाही तर ‘मिसेस फ्रेड मायली’ शोधा. फ्रेड मायली स्वतः गोल्फचे व्यावसायिक प्रशिक्षक होते. पेनी, मायली, मॅरियन या तिन्ही नावांची स्पेलिंगं बदलून बघा. स्कॅन केलेल्या पानांवर संगणक अक्षरं चुकीची वाचतो, तेव्हा नाव सोडून क्लबचं नाव आणि तारीख टाकून शोधलेलं बरं. लेक्सिंग्टनचे ‘हेरल्ड’ आणि ‘लीडर’ तेव्हा वेगळी वर्तमानपत्रं होती. ती 1983 मध्ये एकत्र झाली, म्हणून आजच्या जोडनावाखाली 1941 चा अंक शोधू नका. खुनाच्या पहाटे ती ब्यूक गाडी पाहणारा महत्त्वाचा साक्षीदार होता पेपर टाकणारा मुलगा. त्याच्या हातातल्या अंकात खुनाची बातमी असणं शक्यच नव्हतं, तेव्हा तपासाच्या बातम्या पुढच्या अंकांपासून वाचा. आणि वृत्तसंस्थेची एकच बातमी दहा शहरांत छापली गेली असेल, तर तो एकच पुरावा धरा, दहा नव्हे.

मृत्यूचे दाखले हे दुसरं भक्कम साधन. केंटकीत 50 वर्षांपूर्वीचे दाखले सार्वजनिक असतात. मायलेकींचे फेएट काउंटीत, म्हणजे लेक्सिंग्टनच्या जिल्ह्यात, शोधा. देहदंड झालेल्या तिघांचे मात्र तिथे मिळणार नाहीत, कारण एडिव्हिल लायन काउंटीत येतं. इथेच बरेच जण अडतात.

कोर्टाच्या कागदांकडे जाताना हे लक्षात असू द्या: 1942 मध्ये केंटकीचं सर्वोच्च न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’ या नावाने ओळखलं जाई. आजच्या ‘सुप्रीम कोर्टा’त शोधाल तर हाती काही लागणार नाही. छापील निकाल ‘साउथ वेस्टर्न रिपोर्टर’ या निकालसंग्रहाच्या दुसऱ्या मालिकेत पाहा, अँडरसनच्या नावाने. मूळ दप्तरासाठी केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट इथल्या राज्य अभिलेखागाराला लिहा. पत्रात काउंटी, वर्ष आणि आरोपीचं पूर्ण नाव द्या. नुसतं ‘मायली खून खटला’ लिहिलं तर कर्मचाऱ्याला काहीच शोधता येत नाही, खटले आरोपींच्या नावाने लावलेले असतात.

मग मुख्य काम: कबुल्या. पेनीने अँडरसनला गोवलं, पुढे ते मागे घेतलं, आणि नंतर पुन्हा फिरवलं. प्रत्येक जबाब वेगळ्या कागदावर उतरवा. वर चार गोष्टी लिहा: तारीख, कोणापुढे दिला, तेव्हा तो कुठे होता, आणि त्या क्षणी त्याला कशाची भीती किंवा आशा होती. मगच मजकूर ताडून बघा. केंटकीच्या तेव्हाच्या कायद्यात साथीदाराच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागे, निव्वळ त्याच्या शब्दावर शिक्षा होत नसे. म्हणून निकाल वाचताना एकच प्रश्न धरा: पेनीचं म्हणणं वगळलं, तर अँडरसनविरुद्ध उरतं काय? ब्यूक त्याची होती, पण त्या रात्री गाडीत तो होता हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. बाकीच्या पुराव्यांनाही हीच कसोटी लावा, प्रत्येकापुढे साक्षीदार कोण ते लिहा आणि तो साक्षीदार पेनीपासून किती स्वतंत्र आहे हे ठरवा.

मॅरियनचं कर्तृत्व दरोड्याखाली गाडलं जाऊ देऊ नका. वेस्टर्न अमॅच्युअर ही महिलांची गोल्फ स्पर्धा तिने 1935 आणि 1937 मध्ये जिंकली, 1934, 1936 आणि 1938 च्या कर्टिस कप या सांघिक स्पर्धेच्या अमेरिकी संघांत ती होती. क्रीडापानांवर तिच्याबद्दल जेवढं छापलंय, तेवढं खुनाच्या बातम्यांत नाही. लुटीची रक्कम तर दीडशे डॉलरही नव्हती.