बडोद्याला एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला येताय?

जून उजाडला की धुळे, जळगाव, नाशिककडून फोन सुरू होतात. कुणाची भाची असते, कुणाच्या मित्राचा मुलगा. "ताई, बी.एस्सी. झालं, बडोद्याला एम.एस. युनिव्हर्सिटीत स्टॅट्सला फॉर्म भरू का?" मी २००८ साली अमळनेरहून इथे एम.एस्सी.ला आले आणि इथलीच झाले. आज एका औषध कंपनीत क्लिनिकल ट्रायलच्या आकड्यांचं काम करते. फोनवर पंधरा मिनिटांत जे सांगून होत नाही, ते सगळं इथे लिहिते.

आधी फॉर्मचं. गुजरातमधल्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश २०२४ पासून 'जीकॅस' या एकाच पोर्टलवरून होतात आणि एम.एस. युनिव्हर्सिटीही त्यातच आहे. इथलं वेळापत्रक आणि तुमच्या विद्यापीठाचा निकाल यांची गाठ पडेलच असं नाही, म्हणून पाचव्या सेमिस्टरपर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका स्कॅन करून तयार ठेवा. मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज शेवटचा निकाल लागला त्याच आठवड्यात टाका. माझं सर्टिफिकेट दिवाळीनंतर हातात आलं. तोवर दर पंधरा दिवसांनी हमीपत्र लिहून देत होते आणि प्रवेश रद्द होईल या धास्तीने झोप लागत नव्हती. आणखी एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा: महाराष्ट्राचा जातीचा दाखला गुजरातच्या राखीव जागांना सहसा चालत नाही, तुमचा विचार खुल्या जागांतूनच होतो. शिष्यवृत्ती राज्याबाहेर मिळेल का, हे घर सोडण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारून घ्या. इथे आल्यावर कळलं तर वर्षाचं गणित कोलमडतं.

एकाच दारावर बसू नका, हेही सांगते. टी.वाय.ला असतानाच जॅमचा, म्हणजे आय.आय.टी.च्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेचा, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्या. फॉर्म सप्टेंबरच्या सुमारास निघतो, परीक्षा फेब्रुवारीत असते. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. पहिल्या तीस प्रश्नांत चूक झाली तर गुण कापले जातात. पुढच्या तीसांत कापले जात नाहीत, पण त्यातल्या दहा प्रश्नांची एकाहून जास्त उत्तरं बरोबर असू शकतात आणि वीस प्रश्नांत पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून भरायचा. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.स्टॅट.साठी मे महिन्यात वेगळी परीक्षा असते आणि तिचा दुसरा पेपर सविस्तर उत्तरांचा असतो. तिथे नंबर नाही लागला तरी त्या पेपराची तयारी वाया जात नाही. पुढे पहिल्या सेमिस्टरला जे अंगावर येतं, त्याची ती खरी तालीम आहे.

आता त्या पहिल्या सेमिस्टरबद्दल. सर्वांत जास्त मुलं इथेच खचतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बी.एस्सी.ला आपण व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, काढतो आणि n (आकड्यांची संख्या) ऐवजी n−१ ने भागतो. का? बहुतेकांचं उत्तर "सॅम्पल आहे म्हणून", आणि गाडी पुढे. एम.एस्सी.ला हे उत्तर चालत नाही. पाच आकडे घ्या: ४, ७, ५, ९, ५. सरासरी ६. प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक: −२, १, −१, ३, −१. बेरीज शून्य, आणि ती नेहमीच शून्य येणार. म्हणजे चार फरक कळले की पाचवा आपोआप ठरला, त्याला स्वतःचं असं काही सांगायला उरलंच नाही. मोकळे फरक चारच. वर्गांची बेरीज १६, चाराने भागली की ४. पाचाने भागली असती तर ३.२, आणि असं पुन्हा पुन्हा केलं तर सरासरीने खऱ्या व्हेरियन्सपेक्षा कमीच उत्तर येत राहिलं असतं. हीच गोष्ट एस्टिमेशनच्या, म्हणजे सॅम्पलवरून खऱ्या आकड्याचा अंदाज काढण्याच्या, तासाला 'अनबायस्ड' या नावाने भेटते. लिनियर मॉडेल्सच्या तासाला तीच एका मॅट्रिक्सची रँक n−१ आहे म्हणून समोर येते. पुढे मल्टिव्हेरिएटमध्ये तिचं आणखी मोठं रूप दिसतं. पहिल्यांदा भेटली तेव्हा नीट ओळख करून घेतली नाही, तर प्रत्येक तासाला ती परकीच वाटते आणि मग पाठांतराशिवाय हातात काही उरत नाही.

मी पहिले तीन महिने तेच केलं. मेझर थिअरीची, म्हणजे प्रोबॅबिलिटीच्या गणिती पायाची, प्रूफं रात्री घोकायची आणि सकाळी विसरायची. 'कन्व्हर्जन्स इन प्रोबॅबिलिटी' आणि 'ऑलमोस्ट शुअर' या एखाद्या किमतीकडे जाण्याच्या दोन प्रकारांतला फरक वहीत चार वेळा लिहिला, पण डोक्यात उतरला नाही. तो उतरला नवरात्रात, गरब्याच्या मैदानावर. एका मोठ्या दिव्याचा झोत मैदानावरून फिरत होता, तो बघता बघता. समजा, पहिल्या फेरीत झोत अर्ध्या मैदानाएवढा आहे. आधी डावी बाजू उजळतो, मग उजवी. दुसऱ्या फेरीत तो पाव मैदानाएवढा होतो आणि चार वेळा सरकून सगळं मैदान फिरतो. मग आठवा भाग, मग सोळावा. झोत बारीक होत चालला, तेव्हा अमुक एका क्षणी तुमच्या अंगावर उजेड असण्याची शक्यता शून्याकडे जाते. हे झालं कन्व्हर्जन्स इन प्रोबॅबिलिटी. पण तुम्ही कुठेही उभे असा, प्रत्येक फेरीत तो एकदा तुमच्यावरून जाणारच. उजेड कायमचा गेला, असं तुमच्या बाबतीत कधीच म्हणता येणार नाही. म्हणून ऑलमोस्ट शुअर कन्व्हर्जन्स नाही. त्या रात्री खोलीवर येऊन वहीत मैदान काढलं आणि प्रूफ न बघता लिहिलं. त्यानंतर घोकंपट्टी सुटली.

वर्गात प्रश्न विचारायला आपली मुलं बिचकतात. इंग्रजी अडखळतं, हसतील असं वाटतं. त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. १९४० च्या दशकात कोलकात्यात सी. आर. राव हे तरुण शिक्षक एस्टिमेशन शिकवत होते. सॅम्पल खूप मोठं असताना अंदाजाचा व्हेरियन्स अमुक मर्यादेखाली जाऊ शकत नाही, असा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशरचा निष्कर्ष त्यांनी सांगितला. वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, सॅम्पल लहान असेल तर हे सिद्ध करता येईल का? राव घरी गेले आणि त्याच रात्री त्यांनी ते सिद्ध केलं. १९४५ साली ते छापून आलं आणि आज आपण त्याला क्रामर-राव असमानता म्हणतो. प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी म्हणजे आपले साताऱ्याचे वि. म. दांडेकर, पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतले थोर अर्थशास्त्रज्ञ. तेव्हा शंका आली की हात वर करा. इथे शिकवणं इंग्रजीतून असलं तरी मोडक्या इंग्रजीतला प्रश्नही प्रश्नच असतो.

आर ही आकडेमोडीची कॉम्प्युटर भाषा पहिल्याच महिन्यात लॅपटॉपवर घ्या, फुकट आहे. पुस्तकातले वीस आकडे घेऊन सराव केला म्हणून खऱ्या डेटाची भीती जात नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीचा कच्चा डेटा सरकारच्या संकेतस्थळावर मिळतो, तो उतरवून गाळलेल्या नोंदी आणि वेट्स यांच्याशी झुंजा. मुलाखतीत मी उमेदवारांना पहिलं हेच विचारते की शेवटचा खराब डेटा कधी साफ केला होता. औषध कंपन्यांकडे वळायचं असेल तर सॅस हे सॉफ्टवेअर लागेल. इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस किंवा नेट-सेटचा विचार असेल तर दुसऱ्या वर्षाची वाट न पाहता पहिल्या वर्षाच्या वह्या जपून ठेवा, तोच अभ्यास आहे.

राहण्याचं. हॉस्टेलचा फॉर्म वेगळा असतो, तो विसरू नका. पीजी घ्यायचा तर फतेगंज, सयाजीगंज सोयीचं. पायी जाता येतं. खोली बघायला याल ते दिवस पावसाचे असतील, आणि तेच बरं. विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तिचं पाणी वस्तीत शिरलं होतं, आणि या नदीत मगरीही आहेत. घरमालकांना सरळ विचारा, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं? तळमजला स्वस्त मिळाला की आधी हे विचारायचं. पैसे देताना पावती घ्या. माझी एका एजंटाने दोन महिन्यांची अनामत बुडवली, कारण मी कागदच मागितला नव्हता. बहुतेक पीजीत मांसाहार आणि अंडीही चालत नाहीत. ज्यांच्या घरी राहतोय त्यांची रीत आहे, ती पाळा. गोड डाळ पहिले पंधरा दिवस घशाखाली उतरत नाही. खानदेशातून येणाऱ्यांनी काळा मसाला आणि तिखट बरोबर घ्यावं, आणि जीव फारच कासावीस झाला तर रस्त्यावरची सेव-उसळ आहेच, तर्रीवाली.

गुजरातीला घाबरू नका. अक्षरांवरची शिरोरेषा पुसली असं समजा, आठवड्याभरात दुकानांच्या पाट्या लागायला लागतात. शब्द मात्र फसवतात. पहिल्या परीक्षेचा पेपर वाईट गेला त्या संध्याकाळी मी जिन्यावर बसले होते. घरमालकीणबेन खाली आल्या आणि म्हणाल्या, "जमी लीधुं?" मला वाटलं, पेपर जमला का विचारतात. "नाही हो, नाही जमलं," म्हणताना डोळे भरून आले. गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं. त्या काही न बोलता आत गेल्या आणि ताट वाढून घेऊन आल्या: भाखरी, बटाट्याची भाजी, छास. आजही दिवाळीला मी त्यांच्या पाया पडायला जाते.

मराठी माणसं इथे भरपूर आहेत. दांडिया बाजार, रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरं आहेत, त्यांच्या बोलण्यात गुजराती शब्द सहज मिसळलेले असतात, आणि गणपतीत तर आपण गाव सोडून आलोय हे विसरायला होतं. विद्यापीठ ज्यांच्या नावाचं ते सयाजीराव गायकवाड आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० साली सेंट्रल लायब्ररी उभी केली. मांडवीजवळच्या त्या लायब्ररीत मराठी पुस्तकांची कपाटं आहेत. रविवारी दुपारी तिथे जाऊन बसा, घरची आठवण जरा हलकी होते. पण एक वर्षभर फक्त मराठी मंडळींतच राहिलात तर वर्गातल्या सुरत-भरुचच्या मुलांशी मैत्री होणार नाही, आणि लिनियर अल्जेब्रा एकट्याने सुटत नाही. आम्ही चौघी होतो, दोघी गुजराती, एक केरळची. आठवड्यातून दोनदा फळ्यावर एकमेकींना प्रूफं समजावून सांगायचो. जिला समजावता आलं नाही, तिला ते आलं नाही असं धरायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचं.

येताना टी.वाय.च्या वह्या आणा, विशेषतः डिस्ट्रिब्युशन्स आणि मॅट्रिक्सच्या. सगळे जण जागा वाचवायला त्याच घरी ठेवून येतात आणि ऑगस्टमध्ये भावाला कुरिअर करायला सांगतात. खानदेशातून ताप्ती लाइनने याल तर काही थेट गाड्या आहेत, त्या नाही मिळाल्या तर सुरतेला गाडी बदलावी लागेल. मुंबईकडून थेट गाड्या भरपूर आहेत. स्टेशनवर उतरलात की सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा. अलकापुरीच्या बाजूने गेलात तर सामान घेऊन उगाच वळसा पडतो.