कॉम्प्युटर सुरू व्हायला अचानक वेळ लागतोय? आधी मागच्या वायरी बघा

कोथरूडला आईकडचा कॉम्प्युटर परवापासून सुरू व्हायला सहा-सात मिनिटं घ्यायला लागला. डबा (सीपीयू) उचलून दुरुस्तीला तपकीर गल्लीत न्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागे लोंबणारी जुनी एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसली. लग्नाचे फोटो बघायला लावलेली, काढायची राहिलेली. ती काढली आणि चहा गाळून होईपर्यंत डेस्कटॉप समोर!

१. कॉम्प्युटर बंद करा. कीबोर्ड-माउस सोडून यूएसबीला लावलेलं सगळं काढा: पेन ड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर. मग चालू करा. फरक पडला तर एकेक परत लावून चोर शोधा.

२. नाहीच पडला आणि विंडोज १० किंवा ११ असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' उघडा. ज्याच्यापुढे 'हाय' लिहिलंय आणि जे रोज लागत नाही, त्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल'. प्रोग्रॅम उडत नाही, फक्त आपणहून सुरू व्हायचा थांबतो.

अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. आणि डब्यातून टकटक आवाज येत असेल तर हे सगळं राहू दे, आधी फोटो-कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करून घ्या.