कर्करोगाची वेगळी पॉलिसी घेण्यापूर्वी

कर्करोगाची पूरक पॉलिसी घ्यावी की नाही हे ठरवण्याआधी घरातील मेडिक्लेमची मूळ कागदपत्रे काढून विम्याची रक्कम, खोलीभाड्याची मर्यादा आणि केमोथेरपीसारख्या डे-केअर (रुग्णालयात रात्रभर मुक्काम न करता होणाऱ्या) उपचारांसंबंधीच्या अटी नीट वाचाव्यात. मेडिक्लेम प्रामुख्याने उपचारांचे बिल भरतो, तर कर्करोगाची पॉलिसी बहुधा निदान होताच ठरलेली रक्कम हाती देते, आणि खरा फरक इथेच पडतो. माझ्या मावशीच्या रेडिएशनसाठी आम्ही आठवड्यातून पाच दिवस ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला जात होतो. रिक्षाभाडे, बाहेरचे जेवण आणि मावसभावाची बिनपगारी रजा यांतले काहीच कोणत्याही बिलात आले नाही.

तरीही मूळ मेडिक्लेम तोकडा असेल, तर आधी तोच वाढवावा किंवा टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेपुढचा खर्च भरणारा जोडविमा, घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो हृदयविकारापासून अपघातापर्यंत सर्वत्र उपयोगी पडतो. तो पुरेसा असून घर एकाच्याच कमाईवर चालत असेल, किंवा आई, बहीण अशा जवळच्या नात्यात हा आजार झालेला असेल, तर वेगळी पॉलिसी घेणे योग्य ठरते.

सही करण्यापूर्वी प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचा दावा न मिळण्याचा काळ, जो अनेकदा ९० किंवा १८० दिवसांचा असतो, आणि प्रारंभिक टप्प्यातील निदानाला पूर्ण रक्कम मिळते की केवळ काही टक्के, हे पाहावे. पॉलिसीच्या अर्जात कोणतीही जुनी गाठ किंवा तपासणी लपवू नये.