कॉर्पोरेट जबाबदारीचा कायदा एलएलएमला घेताय? या चुका टाळा

गोव्यात राहून एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, हा विषय घेणाऱ्याच्या वाट्याला मोठी संधी येते. देशभरच्या वर्गांत शिकवले जाणारे दोन महत्त्वाचे निवाडे इथल्याच लोहखनिजाच्या खाणींवरचे आहेत, आणि त्या खाणींशेजारची डिचोली, सत्तरी, सांगे, केपे तालुक्यांतली गावे हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही उत्तरपत्रिकांत आणि प्रबंधांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. बहुतेक चुकांचे मूळ एक आहे. कंपनीकडून बाहेर जाणारा प्रत्येक रुपया सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, धरला जातो. तो कोणत्या कायद्याने, कुणावर आणि कोणत्या आकड्यावर मोजून लादला आहे, हे विचारलेच जात नाही.

चार वेगळे पैसे, सगळ्यांना सीएसआर म्हणणे

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून आधी हीच. गोव्यातल्या खाणपट्ट्यावर लिहिताना निदान चार प्रकारचे पैसे समोर येतात.

पहिला प्रकार म्हणजे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचा सीएसआर. तो सरासरी निव्वळ नफ्यावर मोजतात आणि कंपनीचे संचालक मंडळ तो खर्च करते. दुसरा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे डीएमएफचा. खाण कायद्यात २०१५ साली घातलेले कलम ९ब हा त्याचा आधार. हा पैसा रॉयल्टीवर, म्हणजे खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेवर, मोजला जातो: लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या १० टक्के, १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना ३० टक्के. खर्च प्रतिष्ठान करते, कंपनी नव्हे.

तिसरा गोवा लोहखनिज कायम निधीचा. त्याचे मूळ कोणत्याही अधिनियमात नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या २१ एप्रिल २०१४ च्या निवाड्यात आहे. खनिजाच्या विक्रीच्या रकमेतले १० टक्के त्यात जातात आणि पुढच्या पिढ्यांचा वाटा राखणे हा त्याचा हेतू आहे. चौथा प्रकार पर्यावरण दाखल्याच्या, म्हणजे प्रकल्पाला पर्यावरणाच्या दृष्टीने मिळालेल्या सरकारी परवानगीच्या, अटींतून येतो: रस्त्यावर पाणी मारणे, डंपची (खाणीतल्या टाकाऊ ढिगाची) माती शेतात उतरू नये म्हणून संरक्षक भिंत बांधणे, नाल्यातला गाळ काढणे.

सीएसआर नियम २०१४ मध्ये २२ जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने जी व्याख्या आली, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की दुसऱ्या कायद्याखालची सक्ती पूर्ण करण्यासाठी केलेले काम सीएसआर ठरत नाही. म्हणजे दाखल्याच्या अटीत असलेला गाळ-उपसा कंपनीने वार्षिक अहवालात सीएसआर म्हणून दाखवला, तर तिथेच तुमच्या प्रबंधाचा खरा प्रश्न उभा राहतो. चारही पैसे एकाच खात्यात टाकणाऱ्या विद्यार्थ्याला तो प्रश्न दिसतच नाही.

इथे आणखी एक गोंधळ होतो. पर्यावरण मंत्रालयाच्या १ मे २०१८ च्या ज्ञापनात ‘कॉर्पोरेट पर्यावरण जबाबदारी’ म्हणून प्रकल्पाच्या भांडवली खर्चाच्या टक्केवारीत रक्कम ठरवली होती. ३० सप्टेंबर २०२० च्या ज्ञापनाने ही टक्केवारी गेली आणि जनसुनावणीत आलेल्या तक्रारींवरची कामे पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात घेण्याची पद्धत आली. जुन्या नोट्समधून ती टक्केवारी आजही उत्तरांत उतरते.

उपाय सोपा आहे. वहीत पाच रकाने आखा: पैसा, कायद्याचा आधार, कशावर मोजला, कोण खर्च करतो, चुकल्यास काय. तुमच्या अभ्यासातला प्रत्येक खर्च या रकान्यांत बसवून पाहा. एखादा बसत नसेल, तर तोच तुमचा संशोधनाचा धागा असू शकतो.

दोन टक्के कशाचे?

कलम १३५ तोंडपाठ असूनही गणितात मार्क जातात, कारण कंपनीला कलम लागू होते का आणि लागू झाल्यावर रक्कम किती, या दोन वेगळ्या पायऱ्या एकत्र केल्या जातात. उदाहरणाला वेर्णा औद्योगिक वसाहतीतली एक काल्पनिक कंपनी घेऊ. निव्वळ मालमत्ता १२० कोटी, उलाढाल ३०० कोटी. मागच्या तीन वर्षांचा निव्वळ नफा अनुक्रमे ४.२० कोटी, ३.६० कोटी आणि ५.४० कोटी.

पायरी एक. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी कोणतीही एक मर्यादा लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात गाठली की कलम लागू. इथे ५.४० कोटींमुळे लागू होते. मूळ कलमात ‘कोणत्याही आर्थिक वर्षात’ असे शब्द होते. दुरुस्तीने ते बदलले आणि १९ सप्टेंबर २०१८ पासून लगतचे आधीचे वर्षच पाहिले जाते. जुने पुस्तक वापरणारे इथे फसतात.

पायरी दोन. आता तीनही वर्षांची सरासरी: १३.२० भागिले ३, म्हणजे ४.४० कोटी. तिचे दोन टक्के ८.८० लाख रुपये. काही जण फक्त शेवटचे वर्ष धरून १०.८० लाख लिहितात. काही जण सरासरी ५ कोटींखाली आली म्हणून कलमच लागू नाही, असे ठरवून मोकळे होतात. दोन्ही चूक. नफा पाच कोटींखाली असलेली वर्षेसुद्धा सरासरीत येतात.

हा नफा नफा-तोटा पत्रकातून सरळ उचलायचा नसतो. तो कंपनी कायद्याच्या कलम १९८ प्रमाणे काढतात, आणि त्या हिशेबात आयकर वजा होत नाही. करानंतरचा नफा घेतला की आकडा कमी येतो. जमीन किंवा यंत्रे विकून झालेला भांडवली नफा त्यात धरत नाहीत. परदेशातल्या शाखेचा नफा आणि कलम १३५ पाळणाऱ्या दुसऱ्या भारतीय कंपनीकडून मिळालेला लाभांशही सीएसआर नियमांनी बाहेर ठेवला आहे.

रक्कम ५० लाखांपेक्षा जास्त नसल्याने या कंपनीला सीएसआर समितीची सक्ती नाही, ते काम संचालक मंडळ करू शकते. ८.८० लाख पूर्ण खर्च झाले, तर प्रशासकीय खर्च त्याच्या ५ टक्क्यांच्या, म्हणजे ४४,००० रुपयांच्या पुढे जाता कामा नये.

समजा ५ लाखच खर्च झाले आणि ३.८० लाख उरले. इथे चालू प्रकल्प, म्हणजे एकाहून अधिक वर्षे चालणारे काम, आहे की नाही, हे आधी पाहा. नसेल, तर रक्कम कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमधल्या निधीत आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. असेल, तर वेगळ्या ‘न खर्चलेल्या सीएसआर’ बँक खात्यात ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, आणि तिथून तीन आर्थिक वर्षांत खर्च.

दंड बसतो तो ही रक्कम न वळवल्याबद्दल. कंपनीला वळवायच्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, यांतले जे कमी ते. इथे ७.६० लाख. कसूरदार अधिकाऱ्याला दहावा हिस्सा किंवा २ लाख, यांतले जे कमी ते. इथे ३८,०००. ‘खर्च केला नाही तर तुरुंग’ असे लिहिणारे विद्यार्थी अजून भेटतात. २०१९ च्या दुरुस्तीत तुरुंगवास होता हे खरे, पण ती तरतूद अमलात येण्याआधीच २०२० च्या दुरुस्तीने काढली. २२ जानेवारी २०२१ पासून जे लागू झाले त्यात फक्त आर्थिक दंड आहे.

निवाडा न वाचता निवाडा सांगणे

‘सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद केल्या.’ हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की खरे वाटते. क्रम असा आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने काम थांबवले, ५ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निवाड्याने ती बंदी अटींवर उठवली, वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली, कायम निधी सांगितला आणि पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, असे ठरवले. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने ८८ पट्ट्यांची दुसरी नूतनीकरणे रद्द केली आणि १६ मार्च २०१८ पासून उत्खनन थांबले. दोन्ही निवाडे गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या नावाने आहेत, म्हणून संदर्भ देताना साल आणि खंड लिहिलाच पाहिजे. नुसते ‘गोवा फाउंडेशन निवाडा’ म्हटले की परीक्षकाला काहीच कळत नाही.

२२ नोव्हेंबर २००७ ही तारीख आली कुठून, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारले जाते. पोर्तुगीज काळातल्या खाण सवलतींचे १९८७ च्या कायद्याने पट्ट्यांत रूपांतर झाले. हा मानीव (कायद्याने पट्टा मानलेला) पट्टा २२ नोव्हेंबर १९८७ ला संपला आणि पुढचे कमाल २० वर्षांचे नूतनीकरण २००७ ला. वर्तमानपत्रातली बातमी इथवर नेत नाही, त्यासाठी निवाडाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे संकेतस्थळावर फुकट मिळतात.

परदेशी निवाड्यांबाबत अशीच घाई होते. झांबियातल्या चिंगोला इथल्या तांब्याच्या खाणीच्या प्रदूषणावरून वेदांता विरुद्ध लुंगोवे हा निवाडा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ ला दिला. त्यात कंपनी दोषी ठरली असे लिहिणे चूक आहे. खटला इंग्लंडमध्ये चालू शकतो का, एवढाच प्रश्न होता आणि उत्तर ‘चालू शकतो’ असे आले. मातृकंपनीवर काळजीचे कर्तव्य असू शकते, हे त्यातले महत्त्वाचे सूत्र. ते सूत्र जबाबदारी सिद्ध झाल्याच्या भाषेत मांडले की पूर्ण परिच्छेद कोसळतो.

सक्तीचे आणि स्वेच्छेचे

संयुक्त राष्ट्रांची २०११ ची व्यवसाय आणि मानवी हक्क यांवरची ३१ तत्त्वे हा करार नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाची २०१९ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही कायदा नव्हेत. मात्र त्यांवर बेतलेला बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा, अहवाल शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांनी २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीचा झाला. सक्ती माहिती देण्याची आहे, चांगले वागण्याची नव्हे, आणि हा फरक एका वाक्यात तरी लिहा. युरोपीय संघाच्या २०२४ च्या ड्यू डिलिजन्स (कंपनीने आपल्या कामाचे मानवी हक्कांवर आणि पर्यावरणावर होणारे परिणाम तपासण्याच्या) निर्देशाची मुदत २०२५ मध्ये पुढे ढकलली गेली. अशा ठिकाणी ‘अमुक तारखेपर्यंतची स्थिती’ अशी तळटीप द्या.

कलम १३५ च्या धांदलीत कलम १६६(२) विसरले जाते, याचे वाईट वाटते. संचालकाने समाज आणि पर्यावरणाच्या रक्षणाचाही विचार करून सद्भावनेने वागावे, असे ते सांगते. दोन टक्क्यांच्या हिशेबापेक्षा या कलमावर विचार करायला जागा कितीतरी जास्त आहे.

विषय मोठा, कागद थोडे

‘गोव्यातील सीएसआर: एक अभ्यास’ हा विषय मार्गदर्शकांनी मान्य केला तरी घेऊ नका. ‘पर्यावरण दाखल्यातल्या अटींची कामे सीएसआर अहवालांत दाखवली जातात का? दोन कंपन्या, तीन वर्षे’ असा विषय पूर्ण होतो. त्याचे कागद मिळतात: वार्षिक अहवालाला जोडलेला सीएसआर अहवाल, पर्यावरण दाखल्याचे पत्र, आणि कंपनीने दर १ जून व १ डिसेंबरला द्यायचा अटीपालनाचा सहामाही अहवाल. तिन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवा.

खासगी कंपनीकडे माहिती अधिकाराचा अर्ज चालत नाही, म्हणून विद्यार्थी तो मार्गच सोडतात. पण कंपनीने सरकारी खात्याकडे दिलेले कागद त्या खात्याकडून मागता येतात. खाण आणि भूगर्भ संचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ, डीएमएफ ही ठिकाणे. उत्तराला ३० दिवस, न मिळाल्यास पहिल्या अपिलाला आणखी ३० दिवस आणि वर. व्यापारी गुपिताचे कारण देऊन नकारही येऊ शकतो. त्यामुळे अर्ज प्रबंधाच्या पहिल्या महिन्यात गेला पाहिजे. शेवटच्या महिन्यात केलेला अर्ज पुढच्या बॅचच्या कामाला येतो. ‘सीएसआरची सर्व माहिती’ असे मागू नका. कंपनी, वर्ष, कागदाचे नाव लिहून मागा.

गावात जाऊन ‘कंपनी सीएसआर करते का?’ असा प्रश्न विचारला की ‘करते’ किंवा ‘कसले काय’ एवढेच हाती लागते. त्याऐवजी विचारा: मागच्या तीन वर्षांत कंपनीच्या पैशांतून गावात काय झाले? काम कुणी केले? त्यावर पाटी कुणाची आहे? पंचायतीत कागद आहे का? टँकरचे पाणी एकाच्या लेखी कंपनीची मदत असते, दुसऱ्याच्या लेखी विहीर आटल्याची भरपाई, आणि दाखल्यात ती अट निघू शकते. प्रश्नावली इंग्रजीत छापून वाटेत भाषांतर करू नका, कोंकणी किंवा मराठीत आधीच लिहून न्या. आणि कायद्याचा अर्थ काय, या प्रश्नाचे उत्तर शंभर लोकांच्या मतांवरून ठरत नाही. तिथे पाय-आलेख चिकटवून पाने भरू नयेत.

समानतेची टक्केवारी

समानता म्हणजे प्रबंधाचा मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या समानतेला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सुधारून पुन्हा सादर करावे लागते, कमाल सहा महिन्यांत. ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द होते. कायद्याचा मजकूर आणि श्रेय देऊन केलेली अवतरणे या मोजणीत धरायची नसतात, पण सॉफ्टवेअरला ते आपोआप कळतेच असे नाही. कलम १३५ पूर्ण उतरवायचे असेल, तर अवतरण चिन्हांत, वेगळ्या परिच्छेदात, कलम क्रमांकासह द्या. निवाड्यातला उतारा परिच्छेद क्रमांकासह. कंपनीच्या वार्षिक अहवालातली वाक्ये मात्र न कळत उतरतात आणि तीच आकडा वाढवतात, म्हणून अहवाल बंद करून स्वतःच्या शब्दांत लिहा आणि मग आकडे पडताळा. तपासणी सादर करायच्या आदल्या दिवशी करू नका, प्रत्येक प्रकरण संपले की करा.