फो गढूळ का होतो? व्हिएतनामी स्वयंपाकातल्या या चुका टाळा

"ताई, फो केला, पण तिथल्यासारखा नाही झाला. कुठं चुकलं?" असा निरोप आला की सोबत फोटोही असतो. फो म्हणजे नितळ, मुरलेल्या पाण्यात तांदळाच्या शेवया आणि मांस घातलेला व्हिएतनामी पदार्थ. फोटोत मात्र राखाडी रस्सा, वर तेलाचा थर, कडेला कोथिंबिरीचा भारा. फोटो बघूनच कळतं, कोंबडी कुकरला लावली होती.

मी मूळची रत्नागिरीची, प्रागमध्ये 11 वर्षं झाली. आमच्या खालच्या मजल्यावर एक व्हिएतनामी बाई राहतात, कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान आहे. 1980च्या दशकात कामगार करारावर हजारो व्हिएतनामी चेकोस्लोव्हाकियातल्या कारखान्यांत आले, त्यांतल्याच या एक. उत्तर व्हिएतनाममधल्या नाम दिन्हकडच्या. मी त्यांना 'को' म्हणते, म्हणजे आत्या, आणि त्या मला 'चाउ', म्हणजे भाची. चाळीस वर्षं माहेरापासून दूर राहून त्यांनी माहेरची चव सांभाळली आहे. मला जे येतं ते त्यांच्या ओट्याशी उभं राहून आलेलं आहे. म्हणून त्याच त्या चुका दिसल्या की जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक: फोला रस्सा समजणं

फोचा जीव त्याच्या पाण्यात असतो. ते पाणी चहाच्या फिक्या रंगाचं, नितळ, वाटीचा तळ दिसेल असं हवं. आपण मराठी माणसं तिथेच चुकतो. पाणी फिकं दिसलं की आपला हात मसाल्याच्या डब्याकडे जातो.

पहिल्या वर्षी मी घरी 14 माणसं जेवायला बोलावली होती, को पण होत्या. दोन कोंबड्या धुतल्या, तुकडे केले, कुकरमध्ये घातले, सोबत कांदा, आलं, दहा-बारा बाद्यानं, मूठभर दालचिनी. सहा शिट्ट्या. झाकण उघडलं तर पाणी भाताच्या पेजेसारखं पांढुरकं. चाखलं तर दालचिनीने जीभ बधिर. मग मीठ वाढवलं, पाणी वाढवलं, पुन्हा मीठ वाढवलं. कोंनी पूर्ण वाटी खाल्ली, काही बोलल्या नाहीत. जाताना दारात एवढंच म्हणाल्या, "शनिवारी सकाळी सहाला खाली ये."

त्या शनिवारी त्यांनी आधी कोंबडीची हाडं आणि पाय उकळत्या पाण्यात तीन मिनिटं टाकले. वर करडा फेस आला. ते सगळं पाणी मोरीत ओतून दिलं, हाडं नळाखाली एकेक करून चोळून धुतली, पातेलंसुद्धा घासलं. मला ते पाणी फेकताना बघवेना, आपल्याकडे उकळलेलं पाणी कुणी फेकतं का! पण गढूळपणा त्या फेसातच असतो. मग पातेल्यात हाडं, अख्खी कोंबडी आणि गार पाणी. उकळी फुटायच्या बेतात आली की आच एकदम बारीक. पाण्याच्या पृष्ठभागावर कुठेतरी एखादा बुडबुडा यावा, इतकीच. जोरात उकळलं की चरबीचे बारीक कण होऊन पाण्यात मिसळतात आणि ते मग कशानेही वेगळे होत नाहीत. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब अचानक उतरतो आणि आतलं पाणी खळाखळा उसळतं. सहा शिट्ट्या म्हणजे सहा वेळा घुसळण.

साधारण 40 मिनिटांनी कोंबडी बाहेर काढून थेट गार पाण्यात. कातडी आकसून पिवळीधमक, ताणलेली राहते. मांस सोडवून ठेवायचं आणि हाडं परत पातेल्यात, आणखी दोन तास. झाकण उघडंच.

कांदा आणि आलं मात्र जाळायचं. भरताचं वांगं भाजतो तसं थेट आचेवर, सालं काळी पडेपर्यंत, मग काळं खरवडून पातेल्यात. इंडक्शनची शेगडी असेल तर ओव्हनच्या वरच्या आचेखाली भाजा, पण ही पायरी गाळू नका. पाण्याला रंग आणि गोडवा तिथून येतो. शेवटी लिंबाएवढा खडीसाखरेचा खडा. हो, आपली खडीसाखरच. साधी साखर घातली तर चव उघडी पडते, खडीसाखरेची मऊ राहते. हे माझं मत आहे, कोंचंही आहे.

मसाल्याचं प्रमाण पाच लिटर पाण्याला असं: दोन बाद्यानं, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चमचाभर धणे, बस. बीफच्या फोला थोडं जास्त चालतं, त्यात दोन-तीन लवंगा आणि 'थाओ क्वा' नावाची मोठी काळी वेलची पडते. तिच्या जागी आपली मसाला वेलची चालते. कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजून, पुरचुंडीत बांधून, शेवटच्या तासातच टाकायचं आणि वेळेवर काढून घ्यायचं. व्हिएतनामचं बाद्यान चीनच्या सीमेलगतच्या लांग सोन प्रांतात पिकतं, आणि त्याच प्रांतातले लोक फोमध्ये ते मूठभर टाकत नाहीत. बीफच्या हाडांना आठ-दहा तास लागतात. बीफ खायचं नसेल तर कोंबडीचा 'फो गा' करा, तोही हनोईतला जुना आणि मानाचा प्रकार आहे. पण 'झटपट फो, 30 मिनिटांत' असं कुठे दिसलं तर पुढे जा. 30 मिनिटांत कोंबडीचं सूप होतं, चांगलं होतं, त्याला सूप म्हणा.

आणि मोड आलेले मूग, तुळशीसारखी पानं, गोड काळा सॉस, हे सगळं हनोईच्या वाटीत शोधू नका. ती दक्षिणेची पद्धत. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा लाखो उत्तरेकडचे लोक दक्षिणेत गेले, फो सोबत गेला आणि सायगावमध्ये त्याने तिथली भाजी-पानं अंगावर घेतली. कोंच्या टेबलावर लसूण घातलेलं व्हिनेगर, मिरची आणि तळलेल्या पिठाच्या काड्या, 'क्वाय', एवढंच असतं. दोन्ही पद्धती खऱ्या. एका वाटीत दोन्ही कोंबू नका.

नुसत्या पाण्याची किंमत कोंना का कळते, तेही एकदा त्यांनी सांगितलं. रेशनिंगच्या वर्षांत हनोईच्या सरकारी दुकानांत मांसाशिवायचा फो मिळायचा. अमेरिकेची वैमानिक नसलेली टेहळणी विमानं तेव्हा आकाशात फिरत, त्यावरून लोक त्याला 'फो खोंग न्गुओई लाय' म्हणत, म्हणजे चालकाविना फो. त्या काळात लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसासमोर मांसाचे तुकडे ढीगभर घालून पाणी बिघडवलेलं असलं की काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी समजलं.

नुअक मामला घाबरणं

माशाचा हा सॉस बाटलीतून नाकाला लावला की लोक मागे सरकतात आणि जागी सोया सॉस घालतात. मग चव चिनी होते आणि 'व्हिएतनामी जमत नाही' म्हणतात. शाकाहारी असाल तर गोष्ट वेगळी. पण ज्यांच्या घरात सुकट भाजली जाते त्यांनी या वासाला घाबरू नये. मासा आणि मीठ, साधारण तीनास एक, लाकडी पिंपात वर्षभर मुरवायचं, एवढाच हा पदार्थ. त्यातले चिमुकले मासे आपल्या मांदेलीच्याच कुळातले आहेत. फू क्वोक बेटाच्या नुअक मामला युरोपीय संघाने 2012 मध्ये भौगोलिक नावाचं संरक्षण दिलं, आपल्या हापूसला जसं मानांकन आहे तसं.

बाटली घेताना मागचं लेबल वाचा. मासा, मीठ, फार तर थोडी साखर, याहून लांब यादी असेल तर ठेवून द्या. अंशांचा आकडा असतो तो लिटरमागे किती ग्रॅम नायट्रोजन ते सांगतो. 40 अंशांचा बुडवून खायला, 25-30चा शिजवायला. मी दोन बाटल्या ठेवते.

तापलेल्या तेलात तो कधीही थेट ओतू नका, घर दोन दिवस त्या वासाचं राहतं. आणि बुडवून खायची चटणी, 'नुअक चाम', करताना क्रम मोडू नका: कोमट पाण्यात साखर विरघळवा, गार करा, लिंबू, मग नुअक माम, आणि लसूण-मिरची सगळ्यात शेवटी. एक वाटा नुअक माम, एक साखर, एक लिंबाचा रस, चार ते पाच पाणी. लसूण शेवटी घातला की तो वर तरंगतो. तळाशी बसलेला लसूण बघितला की को चमचा खाली ठेवतात. इथल्या दुकानातलं मोठं पिवळं लिंबू घेऊ नका, हिरवं घ्या. भारतात असाल तर आपलं कागदी लिंबू उत्तम.

पानं

पुदिना-कोथिंबीर चिरून टाकली की झालं, असं नाही. 'तिआ तो' नावाचं पान वरून हिरवं, खालून जांभळं असतं; ते नसेल तर 'बुन चा' या पदार्थात भाजलेलं डुकराचं मांस आणि शेवया एवढंच उरतं. प्रागच्या दक्षिणेला 'सापा' नावाचा मोठा व्हिएतनामी बाजार आहे, तिथे सगळं मिळतं. जिथे असा बाजार नाही तिथे बी मागवून खिडकीत लावा, महिनाभर थांबा. देवाची तुळस वापरू नका, तिचा उग्रपणा सगळ्यावर चढतो. त्यापेक्षा सब्जा पेरा. फालुद्यात घालतो तेच बी, त्याचं रोप म्हणजे दक्षिणेतल्या फोवर येणाऱ्या पानाचीच जात.

थोडक्यात सांगण्यासारखं

सारण गुंडाळायचा तांदळाचा पातळ पापड, 'बान चांग', गरम पाण्यात बुडवून ठेवू नका. साध्या पाण्यातून दोन सेकंद फिरवा, कडक असतानाच ताटलीत घ्या. सारण ठेवेपर्यंत तो आपोआप मऊ होतो.

सुक्या तांदळाच्या शेवया रश्शात शिजवू नका, पिठाने सगळं पाणी गढूळ होतं. अर्धा तास भिजवा, वेगळ्या उकळत्या पाण्यात काही सेकंद, आणि थेट वाटीत.

बान सेओ हा तांदळाच्या पिठाचा पदार्थ दिसतो घावनासारखा, पण ते घावन नव्हे. पीठ ताकाएवढं पातळ, हळद रंगापुरती, तवा इतका तापलेला की पीठ पडताच चर्र व्हावं. 'सेओ' हे नावच त्या आवाजावरून आहे. शेवटी झाकण काढून कडा कुरकुरीत होऊ द्या.

बान मीला, म्हणजे त्यांच्या सारण भरलेल्या पावाला, कडक, जाड सालीचा फ्रेंच पाव घेऊ नका. टाळू सोलून निघते.

बान चुंगला घाई

हे सगळ्यात शेवटी, कारण याने मला रडवलं आहे. बान चुंग हा तेतचा, म्हणजे त्यांच्या नववर्षाचा, चौकोनी पदार्थ: चिकट तांदूळ, मधे मुगाच्या डाळीचा थर, त्यात मिरी लावलेलं डुकराचं मांस, पानात बांधून 10 ते 12 तास उकळायचं.

तीन वर्षांपूर्वी को दवाखान्यात होत्या. त्यांच्या मुली म्हणाल्या, यंदा राहू दे. मी म्हटलं, मी करते. 'ला झोंग'ची पानं सापात संपली होती, म्हणून केळीची घेतली. तिथपर्यंत ठीक, परदेशात निम्मी घरं तेच करतात. पण दुसऱ्या दिवशी मला ऑफिस होतं. रात्री अकराला, सहा तासांनी, मी गॅस बंद केला. मधेच पाणी आटलं तेव्हा नळाचं गार पाणी ओतलं होतं. सकाळी एक उघडून बघितलं: बाहेरून लगदा, आत दाणा तसाच कच्चा, पांढरा, टणक. गार पाण्याने उकळी मोडली की आतला भात अडतो, नंतर कितीही उकळा. आठच्या आठ वाया गेले. दवाखान्यात रिकाम्या हाताने गेले.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. शुक्रवारी रात्री तांदूळ आणि मुगाची डाळ भिजत, शनिवारी सकाळी बांधणी, दिवसभर घराबाहेर जायचं नाही. शेजारी दुसऱ्या पातेल्यात पाणी उकळतं ठेवायचं आणि भर घालायची ती त्याच पाण्याची. पानाची गडद हिरवी बाजू भाताकडे, म्हणजे रंग उतरतो. दोरी आवळून बांधायची नाही, तांदूळ फुगायला जागा लागते. तांदळाला मीठ आधीच चोळायचं, नंतर आत शिरत नाही. शिजल्यावर गार पाण्यात धुवून पानावरचा बुळबुळीतपणा काढायचा आणि पाटाखाली वजन ठेवून पाच-सहा तास दाबायचं. न दाबलेला बान चुंग दोन दिवसांत आंबतो.

कापायला सुरी लागत नाही. वरचं पान सोडवायचं, बांबूच्या चार पट्ट्या भातावर आडव्या, उभ्या, तिरक्या ठेवायच्या, ताटली झाकून उलटी करायची आणि एकेक पट्टी दोन्ही टोकं धरून ओढायची. आठ सारखे तुकडे पडतात, मधला पिवळा थर कुठेही फिसकटत नाही. बांबू नसेल तर जाड, स्वच्छ दोरा घ्या. पट्ट्या ठेवायच्या आधी ओल्या करून घ्या, नाहीतर भाताला चिकटतात.