तिसरा रकाना

वेबवर धंदा उभा करायचाय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी १९९९ सालची एक लॉग फाइल उघडतो. साइटवर कुणी केव्हा काय मागितलं याची नोंद सर्व्हर अशा फाइलीत आपोआप ठेवतो. आमच्या पहिल्या पोर्टलच्या सर्व्हरची ती फाइल मी मुद्दाम जपून ठेवली आहे.

त्या फाइलीत महिन्याला काही लाख हिट्स दिसतात. गुंतवणूकदारांपुढे आम्ही हाच आकडा ठेवायचो. पण ब्राउझरने मागितलेली प्रत्येक फाइल म्हणजे एक हिट. पानावर वीस चित्रं असतील, तर एकाच माणसाने ते एकदा उघडलं तरी लॉगमध्ये एकवीस ओळी पडणार. फाइल ओळीनं वाचायला बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कित्येकांच्या नोंदी सातव्या-आठव्या चित्रापाशीच थांबलेल्या होत्या, म्हणजे पान पूर्ण यायच्या आतच माणूस निघून गेला होता. २८.८ किलोबिटच्या मोडेमवर साठ किलोबाइटचं पान उतरायला निदान सतरा सेकंद लागायचे. तेवढा वेळ कोण थांबणार? लाखोंची गर्दी म्हणून मिरवत होतो ते लोक प्रत्यक्षात काही हजार होते, आणि त्यातलेही बरेचसे अर्ध्यातून परतलेले.

त्या काळाची हवाच तशी होती. ९ ऑगस्ट १९९५ ला नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचा शेअर बाजारात आला. २८ डॉलरला विकलेला शेअर त्या दिवशी ५८.२५ डॉलरवर बंद झाला, तोही कंपनी अजून नफ्यात नसताना. आधी लोक जमवा, नफ्याचं नंतर बघू, हे तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात बसलं. आमच्याही.

आमचं सगळं उत्पन्न बॅनर जाहिरातींचं होतं. ते वाढत होतं, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. जाहिरातदारांची यादी मात्र कधी नीट बघितली नव्हती. बघितली तेव्हा पोटात गोळा आला, कारण दहातले आठ जाहिरातदार आमच्यासारखेच डॉट-कॉमवाले होते. त्यांना ग्राहकांकडून फारसं काही मिळत नव्हतं; गुंतवणूकदाराने दिलेल्या भांडवलातून ते आम्हाला पैसे देत होते. आम्ही ज्याला कमाई म्हणत होतो ते तिसऱ्याच कुणाचं भांडवल होतं, फक्त दोन हात फिरून आलेलं.

१० मार्च २००० रोजी नॅसडॅक, म्हणजे तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकी शेअर निर्देशांक, ५०४८ वर बंद झाला आणि तिथून घसरत ऑक्टोबर २००२ मध्ये १११४ पर्यंत आला. आमच्याकडे २००० च्या एप्रिलमध्येच जाहिरातीचा पहिला करार थांबला. ऑगस्टपर्यंत आठपैकी एकच जाहिरातदार उरला. खर्च मात्र थांबेना. सर्व्हर तीन वर्षांच्या करारावर घेतलेले, जागाही तशीच. बारा जणांना एका दुपारी कामावरून कमी करावं लागलं. तीनच आठवड्यांपूर्वी मी त्यांना काळजी करू नका म्हणालो होतो. खोटं बोलायचा हेतू नव्हता, पण हिशेब माझ्यासमोर होता आणि मी तो वाचला नव्हता. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरा धंदा त्याच पडझडीत सुरू झाला. कारखान्यांना जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळवून द्यायचे. वेबवर होता फक्त एक फॉर्म. तो भरला की आम्हाला ईमेल यायचा, आम्ही तो छापायचो आणि पुरवठादारांना फॅक्स करायचो. डेटाबेस वगैरे काही नव्हतं. पहिल्या ग्राहकाचा फोन आला तेव्हा तो आमच्या साइटबद्दल एक शब्द बोलला नाही. "यंत्र बंद पडलंय, पार्ट कधी मिळेल? चेक आजच पाठवतो," एवढंच. पोर्टल चालवताना असा फोन आम्हाला एकदाही आला नव्हता.

सहा महिने आम्ही सगळं हाताने केलं. कोणत्या पायरीला सगळ्यात जास्त वेळ जातो ते त्यामुळे कळलं, आणि प्रोग्रॅम फक्त तेवढ्याच पायरीसाठी लिहून घेतला. नव्याने उतरणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: थोडे दिवस तरी हाताने चालवून बघा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर ठेवा, ग्राहकांची यादी स्वतःकडे ठेवा, हे तर आलंच.

आता सर्व्हर तासाच्या हिशेबाने मिळतो, त्यामुळे आमचा तीन वर्षांचा फास तुम्हाला बसणार नाही. पण तुमचे सगळे ग्राहक नुकतंच भांडवल मिळालेल्या नव्या कंपन्या असतील, तर तुमची यादी माझ्या २००० सालच्या यादीसारखीच आहे. तेव्हा ती आजच काढून बघा.

नवी कल्पना सुचली की मी वहीत तीन रकाने आखतो. पैसे कोण देणार, किती देणार, आणि त्याच्याकडे ते कुठून येतात. पहिले दोन बसल्या बसल्या भरतात. तिसऱ्यासाठी मात्र चार-पाच जणांना फोन करावे लागतात, आणि ते झाल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नाही.